गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एकट्या घरासाठी कुठली बंदूक?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ पुण्यातली नोकरी संपवून वाळपईच्या पुढे वडिलोपार्जित घरात राहायला आलेत. घर चिऱ्याचं, वर कौलं, सख्खा शेजार अर्ध्या किलोमीटरवर. सोबत पत्नी आणि ऐंशी ओलांडलेली आई. मे महिन्यात नातवंडं येतात, थोरला आठ वर्षांचा. काजूची बागायत आणि लहानसं कुळागर (सुपारी-नारळाची बाग), त्यात माकडं आणि रानडुकरं. पावसाआधी पलीकडच्या वाड्यावर एक घर फोडलं गेलं, तेव्हापासून यांची झोप उडाली. वडील सहा महिन्यांपूर्वी गेले, त्यांची जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक, माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलीय. ती ठेवावी, की विकून रिव्हॉल्व्हर घ्यावं, की सरळ रायफल, असं त्यांनी विचारलंय.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो. निवृत्त झाल्यावर आता अठरा वर्षं एका परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून लोकांच्या बंदुका तपासतो, दुरुस्त करतो. राहायला डिचोलीत. त्यामुळे तुमच्यासारखी घरं आणि तुमच्यासारख्या बंदुका पुष्कळ पाहिल्यात.

आधी ती माळ्यावरची बंदूक खाली काढा. रिव्हॉल्व्हर, रायफल सगळं नंतर. परवाना वडिलांच्या नावावर होता, आणि परवाना वारसाहक्काने आपोआप येत नाही. वडील गेले त्या दिवसापासून ती बंदूक कायद्याच्या दृष्टीने बिनपरवाना आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याचं २१ वं कलम सांगतं की शस्त्र बाळगण्याचा अधिकार संपला की विनाकारण उशीर न करता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. सहा महिने म्हणजे उशीरच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच. घाबरवायला सांगत नाही. पण घर फोडणारा चोर यायच्या आधी तुम्हीच आरोपी व्हाल, असं नको. ठाण्यात आधी फोन करा, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना घ्या, बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा, काडतुसं वेगळ्या पिशवीत घाला आणि जमा करून पावती घ्या. जमा केली म्हणजे गेली असं नाही. वारस म्हणून तुम्ही स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करू शकता. २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. भावंडं असतील तर त्यांची ना हरकत लागेल. (वडील हयात असतानाच हे करता आलं असतं. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की तो हयातीत वारसाच्या नावे करू शकतो. आमच्याकडे कुणी करत नाही. म्हाताऱ्यासमोर तो विषय काढायचा कसा, हाच प्रश्न.)

आता निवड.

बंदूक घ्यायला येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन मिनिटांचा एक प्रसंग असतो. रात्र, कुलूप तुटल्याचा आवाज, आणि आपण. त्या दोन मिनिटांसाठी तो बंदूक निवडतो. मी त्याला उरलेल्या वर्षाबद्दल विचारतो. ती बंदूक आयुष्यभर कपाटात असणार. त्या कपाटाशेजारून नातू जाणार, मोलकरीण जाणार, सुतार जाणार, आषाढातली ओल जाणार. बहुतेक बंदुका घरसंरक्षणासाठी एकदाही उडत नाहीत, पण कपाटात रोज असतात. म्हणून कपाटातली वागणूक बघून निवडावी.

त्या कसोटीला तुमच्या वडिलांची दुनळीच सगळ्यांत पुढे येते, अर्थात ती तपासणीत पास झाली तर. कारण साधं आहे. दुनळी मोडते. चाव्या फिरवून नव्हे, हातानेच: पुढची लाकडी पकड काढली, वरचा खटका दाबून बंदूक वाकवली, की नळ्या एकीकडे आणि दस्ता एकीकडे. नळ्या बेडरूमच्या लोखंडी कपाटात, दस्ता दुसऱ्या खोलीत, पुढची पकड तिसऱ्या कुलपात, काडतुसं आणखी वेगळी. आठ वर्षांच्या पोराला नळ्या सापडल्या तरी ती फक्त दोन लोखंडी नळकांडी आहेत. रिव्हॉल्व्हर सापडलं तर ते रिव्हॉल्व्हर असतं.

कायद्याचा कलही इकडेच आहे. १३ व्या कलमात निदान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक संरक्षणासाठी आणि ठासणीची (तोंडाकडून दारू ठासून भरायची) बंदूक पीक राखण्यासाठी वेगळी काढून सांगितलीय; अशा अर्जाला परवाना देण्याकडे कायद्याची भाषा झुकते. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाच्या अर्जाला मात्र तुमच्या जिवाला नेमका काय धोका आहे ते पटवून द्यावं लागतं. 'शेजारच्या वाड्यावर चोरी झाली' एवढ्यावर ते सहसा भागत नाही. आणि कुठलीही बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, मागून चालत नाही. नऊ एमएम, पॉइंट थ्री नॉट थ्री या निषिद्ध बोअर, सामान्य माणसासाठी नाहीत. हातातल्या शस्त्रात, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलात, राहतं ते मुख्यतः पॉइंट ३२ आणि पॉइंट २२.

रिव्हॉल्व्हरचा मोह मला कळतो. छोटं, उशाशी ठेवता येतं, सिनेमात दिसतं. कानपूरचं पॉइंट ३२ सहा गोळ्यांचं, चांगलं बनलेलं शस्त्र आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. बायकांसाठी म्हणून २०१४ मध्ये 'निर्भीक' आलं, अर्धा किलो वजनाचं; तेव्हाच त्याची किंमत १ लाख २२ हजारांच्या वर होती. पण हातातलं शस्त्र चालवायला सगळ्यांत कठीण. नळी जेमतेम तीन इंच. हात कापला की पाच मीटरवरचा माणूस चुकतो. वजन जितकं कमी तितका झटका मनगटाला जास्त. महिन्याला निदान एकदा रेंजवर गेलात तरच त्याचा उपयोग. आणि काडतुसं महाग. शिवाय एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, ते परवान्यावरच लिहिलेलं असतं. दुकानात येणाऱ्या रिव्हॉल्व्हरवाल्यांना मी विचारतो, शेवटचं कधी उडवलंत? हसतात. दोघांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर घेतल्या दिवशीचीच काडतुसं निघाली, पितळ हिरवं पडलेलं.

रायफल नको. पॉइंट ३१५ ची गोळी तुमच्या सागवानी दारातून जाते, पलीकडच्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) जाते आणि किलोमीटरभर लांबही माणूस मारू शकते. त्या अर्ध्या किलोमीटरवरच्या शेजाऱ्याचा विचार करा.

पंप ॲक्शन बारा बोअर, म्हणजे पुढची पकड मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक, मागणारी तरुण मुलं येतात. वाईट नाही, पण घाईत पंप अर्धवट ओढला की अडकतो, आणि आत काडतूस आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. दुनळी वाकवली की दिसतं. अंधारात बोटाने चाचपूनही कळतं. माझ्या लेखी या एका गोष्टीला चार जास्त गोळ्यांपेक्षा मोल आहे.

आता बारा बोअर म्हणजे काय, हे निदान एकदा सांगायला हवं, कारण लोकांना ते काडतुसांचं मोजमाप वाटतं. नळीत बसेल एवढ्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड, म्हणून बारा बोअर. नळीचं आतलं माप साधारण साडेअठरा मिलिमीटर. काडतुसावरचे आकडे छर्ऱ्यांचे असतात: आकडा मोठा तसा छर्रा बारीक, आणि एलजी, एसजी हे सगळ्यांत जाड. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं आमच्याकडे सगळ्यांच्या घरात असतात. आणि एक गैरसमज काढून टाका, की छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम लागत नाही, नुसती दिशा दाखवली की झालं. घरातल्या घरात, चार-पाच मीटरवर, एसजीचे छर्रे वीतभरसुद्धा पसरत नाहीत. नेम लागतोच. आणि चुकलेले छर्रे प्लायवूडच्या पार्टिशनमागे झोपलेल्या आईकडे जातात. चिऱ्याची भिंत थांबवेल, पार्टिशन नाही. घरात कुठली भिंत कसली आहे हे आजच हाताने ठोकून बघून ठेवा.

वडिलांची बंदूक पावतीसह विक्रेत्याकडे जमा केलीत तर तिथेच कारागिराला दाखवता येईल. मी काय बघतो ते सांगतो. पहिलं, नळ्यांवर केसांसारखी, सापाच्या कातीसारखी नक्षी दिसते का. दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी; आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही. भिंतीवर शोभेला छान, तेही कायद्याने निकामी करून घेतल्यावर. दुसरं, नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. आत उजेडाची वलयं एकात एक, सरळ गोल दिसली पाहिजेत. वलय कुठे चेपलेलं दिसलं तर तिथे नळीला पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेलं. गोणपाटात सहा महिने, त्यात एक पावसाळा, म्हणजे ठिपके असणारच. किती खोल, हा प्रश्न. तिसरं, पुढची पकड काढायची, बंदूक बंद करायची, दस्ता घट्ट धरून कानाजवळ हलवायची. खडखड ऐकू आली तर बिजागरी झिजलीय. चौथं सगळ्यांत जास्त चुकतं: जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर (नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा) ६५ मिलिमीटरचं असतं आणि हल्लीची पुष्कळ काडतुसं ७० ची. ७० चं काडतूस ६५ च्या घरात आरामात बसतं, म्हणून माणूस फसतो. उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब धोक्याच्या वर जातो. नळीच्या बुडाशी माप कोरलेलं असतं, भिंगाने वाचा.

ओल हा आमच्याकडचा खरा शत्रू, चोरांपेक्षा नेमाने येणारा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात माझ्याकडे सगळ्यांत जास्त बंदुका येतात, कारण घर साफ करताना कपाट उघडलं जातं. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या खोळीत बंदूक ठेवू नका. खोळ ओल धरते आणि बंदुकीला आठ महिने ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखं होतं. खोबरेल तर नकोच, ते चिकट होऊन खटके धरून बसतं. बंदुकीचं पातळ तेल, तेही पुसून घेतलेलं. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एकदा उघडून पुसणं. काडतुसं डब्यात. कागदी नळीची जुनी काडतुसं फुगतात आणि नळीतल्या घरात अडकतात. वडिलांची उरलेली काडतुसं बहुधा तशीच असतील, ती वापरू नका, विक्रेत्याच्या ताब्यात द्या.

बागायतीचं काय, हेही विचारलंय. बंदूक पीक राखायला आहे म्हणजे जनावर मारायची मुभा आहे, असं सत्तरी-सांग्यात सर्रास समजतात. तसं नाही. माकड, रानडुक्कर, गवा, शेकरू, सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. तुमच्याच काजूखाली उभ्या असलेल्या डुकरालाही अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय मारलंत तर गुन्हा. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेलं, तर ती वेगळी गोष्ट, कायदा ती मान्य करतो. तार लावून बागायतीत बंदूक बांधून ठेवणं, डुकरासाठी गावठी बॉम्ब पेरणं याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. त्याने डुकरापेक्षा काजू वेचायला आलेली बाई आधी मरते. आणि हुर्राकाच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, ज्या घरात संध्याकाळी बैठक बसते त्या घरात बंदुकीचं कपाट बंदच राहू दे. हे मी फार अनुभवाने सांगतो, पुढे बोलत नाही.

माणसाबद्दलचा कायदाही माहीत हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा ज्या चोरीत-घुसखोरीत जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती आहे, तिथे ४१ वं कलम टोकाच्या प्रतिकारालाही संरक्षण देतं. पण गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर तो अधिकारच नाही. माडावर चढून नारळ काढणारा चोर या कलमात बसत नाही. पोतं टाकून पळत सुटलेला तर नाहीच. आणि 'मी वर हवेत उडवली' म्हणणाऱ्यांसाठी: वर गेलेली गोळी खाली येते, कुणाच्या तरी कौलावर.

आता एक माझ्या घरातली गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वीची, शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेची रात्र. पहाटे साडेतीनच्या सुमाराला मागच्या पडवीत पावलं वाजली, कडी हलली. वीज गेलेली. मी फौजेतला माणूस, कपाट उघडून दुनळी जोडली, दोन काडतुसं घातली आणि दाराशी गेलो. दाराच्या फटीतून एक माणूस दिसला, उघडाबंब, हातात काठी. माझं बोट चापावर नव्हतं, चापाच्या कडेवर होतं. एवढंच शिक्षण त्या रात्री कामी आलं. मग दारातून वास आला, धुराचा आणि मोगरीच्या फुलांचा. माझा पुतण्या होता. धोंड म्हणून व्रत करून होमातून चालून आलेला, हातात त्याचा बेत (व्रताची वेताची काठी), पाण्याचा तांब्या शोधत होता. समोरून हाक मारली असती तर काका उठेल म्हणून मागून आला. मी दुसऱ्या दिवशी पहिली गोष्ट काय केली असेल तर मागच्या पडवीत बॅटरीवर चालणारा, माणूस आला की पेटणारा दिवा लावला. बंदूक जोडायला मला बारा सेकंद लागतात. तो दिवा शून्य सेकंदात सांगतो समोर कोण आहे.

तुमच्यासाठीही तोच क्रम. दिवे आधी, मागच्या दाराला आडवी लोखंडी पट्टी, दोन गावठी कुत्री, आईच्या खोलीला आतून कडी, आणि ११२ लागतो का ते घराच्या प्रत्येक खोलीतून करून बघा. सत्तरीच्या खोऱ्यात एका खोलीत रेंज असते आणि दुसऱ्या खोलीत नसते. कुठल्या खोलीत असते, तीच रात्रीची एकत्र जमायची खोली. अर्ध्या किलोमीटरवरच्या शेजाऱ्याशी ठरवून ठेवा, शिट्टी ऐकू आली की तो त्याचे दिवे लावील.

हे एवढं सांगायचं आणखी एक कारण आहे, आणि ते पुण्याहून आलेल्या माणसाला माहीत नसतं. निवडणूक लागली की बंदुका जमा करायचे आदेश निघतात. विधानसभा, लोकसभा, झेडपी, पंचायत. पाच वर्षांत किती वेळा ते मोजा. सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करू नयेत, छाननी समितीने ज्याचं कारण आहे त्याचीच घ्यावी, असं उच्च न्यायालयाने सांगितलंय, आणि बागायतदार म्हणून तुम्ही सूट मागणारा अर्ज वेळेत देऊ शकता. जमेलच असं नाही. त्या दीड-दोन महिन्यांत घराला बंदूक नसते, चोरांना मात्र आचारसंहिता नाही. जमा करताना नळ्यांना आतून-बाहेरून जाडसर तेल लावा आणि पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या. एका ठाण्यातून परत आलेली दुनळी मी पाहिलीय, एप्रिलमध्ये आरशासारखी गेलेली, जूनमध्ये खरजुल्या कुत्र्यासारखी आलेली. पावतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

अर्जाचं काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. अर्ज ऑनलाइन, नमुना ए-१, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे कलेक्टर कचेरीत. सोबत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हे प्रशिक्षण कागदापुरतं उरकू नका. पोलीस चौकशी इथेही होईल आणि पुण्यातल्या जुन्या पत्त्यावरही, म्हणून वेळ धरून चाला. परवाना पाच वर्षांचा. नूतनीकरणाची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. एका परवान्यावर आता दोनच शस्त्रं, त्यामुळे 'आधी दुनळी, मग बघू' याला जागा राहते.

तोवर माकडांसाठी काही हवं असेल तर पॉइंट १७७ ची एअरगन, २० जूलच्या (छर्ऱ्याच्या जोराचं माप) आतली, तिला परवाना लागत नाही. आवाजापुरती. माकडावर रोखायची नाही, आणि तीही नातवाच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवायची, कारण त्या एका छर्ऱ्याने डोळा जातो.

दुनळी तपासून घेतलीत की मला नळीच्या बुडावरचे आकडे आणि कोरलेले शिक्के कळवा. फोटो नळ्या सुट्या करून, आतून उजेड येईल असा काढा. काडतुसाच्या घराचं माप ६५ निघालं तर कुठली काडतुसं मागायची ते सांगतो.